यमुना, यमू आणि कालिंदी

मंगलाष्टके संपतात, सप्तपदी होते, आणि मग महाराष्ट्रातील अनेक घरांत आणखी एक लहानसा विधी पार पडतो. ताटात तांदूळ पसरतात. वर हातातील सोन्याची अंगठी काढून त्या तांदळांत वधूचे नवे नाव रेखतो. जमलेल्या मंडळींना पेढे वाटून ते नाव सांगितले जाते. कालपर्यंत जिला सारे गाव एका नावाने ओळखत होते, ती क्षणात दुसऱ्या नावाची होते. आडनाव बदलते, मधले नाव बदलते आणि जन्मापासूनचे स्वतःचे नावही बदलते. वराचे नाव मात्र होते तेच राहते. हा विधी आता पुष्कळ ठिकाणी मागे पडला असला तरी पूर्वी तो सर्रास होत असे. वारणेकाठच्या कोडोलीसारख्या गावात सणासुदीला माहेरी आलेली एखादी वृद्ध लेक अजूनही अशी भेटते, की तिच्या माहेरचे नाव आठवणारे तिच्याखेरीज कोणी उरलेले नसते.

मूल जन्मास येताच 'कोऽहम्', म्हणजे 'मी कोण', असा टाहो फोडते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. तत्त्वज्ञांनी या प्रश्नाचा पिढ्यानपिढ्या ऊहापोह केला. मुलीच्या बाबतीत मात्र समाजाने उत्तर आधीच तयार करून ठेवले होते. ती अमक्याची कन्या, तमक्याची पत्नी, फलाण्याची आई आणि दैवाने घाला घातला तर अमक्याची विधवा. या उत्तरापलीकडे तिला आणखी काही विचारावयाचे असेल, ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नसे. मराठीत हा प्रश्न मोकळेपणाने विचारला गेला तो प्रथम कथा-कादंबऱ्यांच्या पानांवर. योगायोग असा, की ज्या नायिकांनी तो विचारला त्यांतील तिघींची नावे वस्तुतः एकच आहेत.

पहिली यमुना. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. यमुना ही शिकलेली तरुणी आपल्या पतीबरोबर प्रवासास निघते आणि जागोजागी विधवांची दुःखे पाहते, ऐकते. पुढे तिच्यावरच वैधव्य कोसळते. तेव्हा इतरांच्या कहाण्या ऐकणारी ती स्वतःच एक कहाणी होते. अखेर ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुनर्विवाह करते. पदमनजी धर्मोपदेशक होते आणि त्यांच्या यमुनेच्या तोंडी पुष्कळ वेळा त्यांचेच शब्द येतात, हे मान्य केले पाहिजे. ती स्वतः बोलते त्यापेक्षा तिच्याकडून बोलवून घेतले जाते. तरीही एका तरुणीने घराचा उंबरा ओलांडावा, जग डोळ्यांनी पाहावे आणि पाहिलेल्यावर विचार करावा, एवढे धाडस मराठी कथेने त्या वर्षी केले.

दुसरी यमू. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १८९३ पर्यंत ती पूर्ण झाली. हरिभाऊंनी या कादंबरीत जी एक युक्ती योजिली, ती वरवर साधी वाटली तरी परिणामाने फार मोठी आहे. त्यांनी यमूची गोष्ट स्वतः सांगितली नाही. ती यमूलाच सांगू दिली. संपूर्ण कादंबरी 'मी' या शब्दाने चालते. ज्या काळी घरातील सुनेने वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने बोलणे हा उद्धटपणा ठरत असे, त्या काळी एक तरुण स्त्री शेकडो पाने आपल्याविषयी बोलत राहते.

यमू बोलते ती घरगुती भाषेत. लहानपणीची भातुकली, आईची माया, भावाशी होणारे रुसवेफुगवे, सासरी गेल्यावर जिवाला लागलेला घोर, या सर्व गोष्टी ती इतक्या सहज सांगत जाते, की वाचकाला आपण घरातील माजघरात बसलो आहोत असे वाटू लागते. तिचा पती रघुनाथराव हा सुधारलेल्या विचारांचा आहे. त्याच्याबरोबर मुंबईस गेल्यावर तिला वाचनाची गोडी लागते, चार समंजस माणसांत बसण्या-उठण्याची संधी मिळते. आपल्याला काही कळते, आपल्या मतालाही काही किंमत आहे, ही जाणीव तिला तेथे प्रथम होते. कादंबरीतील हे दिवस थोडे आहेत, पण त्यांच्यावर पडलेला प्रकाश वेगळा आहे. नंतर रघुनाथरावांचा मृत्यू होतो. यमू पुन्हा जुन्या घरात येऊन पडते, आणि तेथे शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिचे बळजबरीने केशवपन केले जाते.

हा प्रसंग वाचताना आजही अंगावर शहारा येतो. त्याचे कारण केवळ त्यातील क्रूरपणा हे नाही. पतिवियोगाचे दुःख यमूने सोसले असते. परंतु मुंबईस तिला आपण कोण आहोत याची जी थोडीशी ओळख पटू लागली होती, तीच त्या न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली पुसून टाकण्यात आली. घरच्यांच्या दृष्टीने ती आता यमू राहिली नाही. ती केवळ एक विधवा झाली. कादंबरीच्या शीर्षकातील प्रश्न येथे नेमका लागू पडतो. याच सुमारास, १८९१ साली, सरकारने संमतिवयाचा कायदा करून मुलींच्या बाबतीतील वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे काहूर उठले! त्या सभांतून आणि वृत्तपत्रांतून पुष्कळांनी भाषणे केली, लेख लिहिले. ज्या मुलींविषयी हे सारे चालले होते त्यांचा स्वर त्या गदारोळात फारसा उमटला नाही. तो आवाज यमूच्या रूपाने एका पुरुष कादंबरीकाराच्या लेखणीतून आला, हे नवलच म्हणावयाचे.

कादंबरीतील या दोन यमुनांच्या काळातच महाराष्ट्रात खऱ्याखुऱ्या दोन यमुना वावरत होत्या. पहिली यमुना कुर्लेकरांची. ती १८६२ साली आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावी जन्मली. १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती रमाबाई रानडे या नावाने प्रसिद्धीस आली. दुसरी यमुना कल्याणच्या जोशी घराण्यातील, जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि तिचे नाव आनंदी ठेवण्यात आले. ही दुसरी यमुना कोल्हापूरकरांना विशेष जवळची वाटावी अशी आहे.

गोपाळराव टपालखात्यात नोकरीस होते. बदलीच्या निमित्ताने ते आनंदीबाईंसह कोल्हापुरास आले. पत्नीला शिकवावयाचेच, हा त्यांचा ध्यास होता, आणि तो ध्यास कधी कधी हट्टाच्या व कठोरपणाच्या टोकाला जात असे. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचा पाया रॉयल वाइल्डर या धर्मोपदेशकाने १८५२ साली घातला होता. पुढे याच मिशनचे कार्य आसपासच्या गावांत पसरत गेले. कोडोलीचे मिशनचे रुग्णालय ही त्याचीच एक शाखा होय. वाइल्डर तोवर अमेरिकेस परतले होते. गोपाळरावांनी १८७८ साली त्यांना कोल्हापुराहून पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर यांचे उत्तर उत्साहवर्धक नव्हते. पण त्यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, तो न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाईंच्या वाचनात आला, आणि त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र धाडले. त्या एका पत्रातून पुढचे सारे घडले. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेस गेल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. कोल्हापूर संस्थानने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक केली. ते रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय या नावाने ओळखले जाते. परंतु त्या जागेवर रुजू होण्याचे आनंदीबाईंच्या नशिबी नव्हते. क्षयाने जर्जर होऊन त्या स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वय अवघे एकवीस वर्षांचे होते.

आनंदीबाई गेल्या, पण त्यांच्याविषयीची जिज्ञासा गेली नाही. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. पुढे ऐंशी वर्षांनी, १९६८ साली, श्री. ज. जोशी यांनी 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी लिहून त्यांना कथेच्या जगात आणले. चरित्रकाराला पत्रे व तारखा यांच्या आधाराने चालावे लागते. कादंबरीकाराला त्या पत्रांमागील मन धुंडाळण्याची मुभा असते. एका प्रश्नाचे उत्तर मात्र वाचकाला स्वतःच शोधावे लागते. डॉक्टर होण्याची इच्छा प्रथम कोणाची होती? गोपाळरावांची, की आनंदीची? अवघ्या दहा दिवसांचे आपले मूल औषधोपचाराअभावी गेल्याचे दुःख तिने सोसले होते, आणि आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री वैद्याची किती गरज आहे हे तिने जाहीर सभेत सांगितले होते. पतीने घातलेला धडा ती गिरवत होती हे खरे. तरी गिरविता गिरविता अक्षर तिचे स्वतःचे झाले, असे तिची पत्रे वाचणाऱ्यास वाटल्याशिवाय राहत नाही.

आता तिसरीकडे वळू. तिचे नाव कालिंदी. कालिंदी हे यमुना नदीचेच दुसरे नाव आहे. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९३० साली 'ब्राह्मणकन्या' ही कादंबरी लिहिली, तिची ही नायिका. यमूच्या दुःखाचे कारण रूढी होते. कालिंदीचा पेच निराळा आहे, आणि तो समजून घेण्यास थोडे थांबावे लागते.

कालिंदीचे वडील आप्पासाहेब डग्गे हे सुशिक्षित, सुधारक वृत्तीचे ब्राह्मण गृहस्थ. त्यांनी जिच्याशी विवाह केला, तिची आई मंजुळा ही विवाहाशिवाय एका गृहस्थाच्या आश्रयाने राहिलेली स्त्री होती. आप्पासाहेबांनी हे जाणूनबुजून केले. आपण एक मोठी सामाजिक सुधारणा केली, असा त्यांचा विश्वास होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. या विवाहाची किंमत मात्र त्यांना द्यावी लागली नाही. ती मुलांच्या वाट्याला आली. कालिंदी महाविद्यालयात शिकते, बुद्धिमान आहे, स्वाभिमानी आहे. परंतु लग्नाच्या गोष्टी निघाल्या की ब्राह्मणांची दारे तिला बंद असतात. वडिलांच्या बाजूने ती ब्राह्मणकन्या, आजीच्या बाजूने कोण? जात ही जन्माने मिळते असे म्हणणाऱ्या समाजाने तिच्या जन्माचा हिशेब करण्यास नकार दिला. कादंबरीचे नाव वाचताना म्हणूनच एक खोच जाणवते. तिला जी पदवी शीर्षकाने दिली आहे, तीच द्यावी की न द्यावी यावर कादंबरीतील सारे जग अडून बसलेले आहे.

या कोंडीतून कालिंदी जो मार्ग काढते तो तिच्या घरच्यांना धक्का देणारा आहे. शिवशरणप्पा या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर ती विवाहाशिवाय राहू लागते. समाज आपल्याला कुलीन मानीत नसेल, तर कुलीनांचे नियम आपण का पाळावेत, असा तिचा तर्क आहे. हा तर्क तरुणपणाचा आहे. त्यात राग आहे, बापाला धडा शिकविण्याची ईर्ष्या आहे, आणि पुढच्या परिणामांचा पुरता विचार नाही. केतकरांनी तो आदर्श म्हणून मांडलेला नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. कालिंदीचा तो संबंध टिकत नाही. तिला एकटीने उभे राहावे लागते. ती नोकरी करते, तिचा कामगारांच्या जगाशी परिचय होतो, आणि पुढे कामगारांच्या चळवळीत वावरणारा वकील रामराव तिच्या आयुष्यात येतो. तिचा भूतकाळ ठाऊक असूनही तो तिच्याशी विवाह करतो. कादंबरीत वैजनाथशास्त्री नावाचा एक विद्वानही आहे. जुन्या स्मृती बदललेल्या काळास पुरत नाहीत, म्हणून नवी स्मृती रचावी, असा त्याचा उद्योग चालू असतो.

'ब्राह्मणकन्या' ही रचनेच्या दृष्टीने निर्दोष कादंबरी नाही. पात्रे बोलता बोलता व्याख्यान देऊ लागतात, कथानक बाजूला राहते आणि जातिसंस्थेवरचा एखादा प्रबंधच आपण वाचत आहोत असे वाटते. हे स्वाभाविकही होते, कारण केतकरांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरच अभ्यास केला होता. त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. पण विषय त्यांनी नुसता पुस्तकांतून घेतलेला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घरातच एका तरुणीने आपली ओळख नव्याने घडविली होती. एडिथ कोहन ही जर्मन यहुदी कुळातील तरुणी. १९२० साली व्रात्यस्तोम विधीने तिला हिंदू धर्मात घेण्यात आले, केतकरांशी तिचा विवाह झाला, आणि ती शीलवती झाली. पुढे विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या विदुषी त्या ह्याच. केतकरांच्या मृत्यूनंतर शीलवतीबाईंनी मराठीत आठवणी लिहिल्या. त्या पुस्तकाचे नाव 'मीच हे सांगितलं पाहिजे' असे आहे. यमूने पूर्वी जो 'मी' उच्चारला होता, तो येथे एका खऱ्या स्त्रीच्या पुस्तकाचा पहिला शब्द झाला.

कालिंदीच्या गोष्टीचा शेवट विवाहात होतो, याबद्दल काही टीकाकारांना असमाधान वाटते, आणि ते रास्त आहे. तिच्या 'मी कोण' या प्रश्नाला अखेर एका पुरुषाच्या उदार स्वीकाराने उत्तर मिळते. उद्या रामराव भेटलाच नसता तर? केतकर या प्रश्नापाशी थांबत नाहीत. मात्र कादंबरीच्या बाहेर काय घडत होते हे पाहिले म्हणजे त्यांच्या अडचणीची कल्पना येते. मनाने मानलेले नाते समाजाने मानावे, यासाठी कायद्याचा आधार लागतो, आणि असा आधार तेव्हा तुटपुंजा होता. याबाबतीत कोल्हापूर संस्थान पुष्कळांच्या पुढे होते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा केला. १९१९ साली त्यांनी निरनिराळ्या जातींच्या स्त्रीपुरुषांच्या विवाहास मान्यता देणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी काडीमोडीचाही. कालिंदीची कादंबरी लिहिली गेली त्याच्या अकरा वर्षे आधी वारणेच्या या तीरावर, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांनाही हे कायदे लागू झालेले होते. कायदा झाला म्हणून गावाची रीत एका रात्रीत पालटत नाही, हे निराळे.

आतापर्यंतच्या तिन्ही नायिका पुरुषांनी घडविलेल्या. स्वतः स्त्रीने लेखणी हाती घेतली तेव्हा काय झाले, त्याची कथा तर नायिकांच्या कथेहून अधिक चित्तवेधक आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह बाहेर पडला. त्यावर लेखिकेचे नाव 'विभावरी शिरूरकर' असे होते. विभावरी म्हणजे रात्र. शिकलेल्या, मिळवत्या, वय वाढत चाललेल्या अविवाहित मुलींच्या मनातील कोंडमारा या कथांत इतक्या उघडपणे मांडला होता, की महाराष्ट्रात एकच खळबळ उडाली. त्यांतील एका कथेचे नाव 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असे आहे. मुलीच्या पगारावर घर चालते, आणि घर चालावे म्हणून मुलीच्या लग्नाकडे काणाडोळा होतो, हे तोवर कोणी बोलून दाखविले नव्हते. वाचकांनी कथांची चर्चा केली त्याहून अधिक चर्चा लेखिकेची केली. ही विभावरी कोण? कोणी म्हणाले, स्त्री असे लिहिणेच शक्य नाही, या नावामागे एखादा पुरुष दडला असावा. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी ते गुपित निष्ठेने सांभाळले.

ती लेखिका म्हणजे बाळूताई खरे. १९०५ साली शिरूर-घोडनदी येथे जन्मलेल्या, एका शिक्षकाच्या कन्या, महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या. १९३८ साली विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. एकाच स्त्रीची ही तीन नावे. पहिले आईबापांनी दिलेले, तिसरे लग्नाने आलेले. मधले मात्र तिने आपले आपण निवडले, आणि तेही स्वतःला प्रकट करण्यासाठी नव्हे, झाकण्यासाठी. खरे बोलावयाचे तर खरे नाव लपवावे लागे, अशी ती परिस्थिती होती. आज त्यांची आठवण वाचक काढतात ती त्या मधल्या नावानेच.

विभावरी शिरूरकरांच्या 'हिंदोळ्यावर' या १९३४ सालच्या कादंबरीतील अचला ही कालिंदीच्या पुढचे पाऊल टाकते. तिला पतीने टाकले आहे. विराग या तरुणावर तिचे प्रेम आहे. पण नवऱ्याने टाकले तरी कायद्याने ती त्याचीच पत्नी, कारण त्या वेळी पुण्यामुंबईकडील हिंदू स्त्रीस घटस्फोटाची सोय नव्हती. ती मुंबई प्रांतात १९४७ साली आणि सर्व देशात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने झाली. म्हणजे अचलेच्या हातात सुटकेचा कागदच नव्हता. कालिंदी रागाने नियम मोडते. अचला पुनःपुन्हा स्वतःला विचारते, मला काय हवे आहे, आणि ते मला हवे आहे म्हणून योग्य ठरते काय? कादंबरीच्या शीर्षकातील झोका हा तिच्या मनाचा आहे. आपल्या वागण्याचा जाब ती स्वतःलाच विचारते. समाजाचा न्यायाधीश तिने मनातून खाली उतरवला, पण ती खुर्ची रिकामी ठेवली नाही.

यानंतरची वाटचाल दीर्घ आहे आणि ती सारी येथे सांगण्याचे कारण नाही. शांता गोखले यांच्या १९९० मधील 'रीटा वेलिणकर' या कादंबरीची नायिका मनाने पार खचून रुग्णालयात पडलेली असताना आपले आयुष्य पुन्हा जुळवून पाहते. आशा बगे यांच्या 'भूमी' या कादंबरीस २००६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तीत मराठी व तमिळ अशा दोन घरांच्या सीमेवर वाढलेली मैथिली आपली माती कोणती, याचा शोध घेते. या नायिकांना कोणी कोंडून ठेवलेले नाही. तरीही प्रश्न सुटलेला नाही, एवढे त्यांच्यावरून दिसते.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. यमुनेपासून अचलेपर्यंतच्या बहुतेक नायिका शहरातील, पांढरपेशा घरांतील आहेत. उसाच्या फडात खुरपणाऱ्या, गुऱ्हाळाच्या धगीत राबणाऱ्या पन्हाळा-शिरोळकडील स्त्रीला या कादंबऱ्यांत फारशी जागा मिळाली नाही. स्वतः विभावरी शिरूरकरांनी सोलापूरच्या गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीत काम केल्यावर १९५० साली 'बळी' लिहून ही चौकट ओलांडली, पण असे प्रयत्न थोडेच. मग त्या शेतकरी स्त्रीला स्वतःविषयी काही म्हणावयाचे नव्हते काय? होते. ती ते पहाटे जात्यावर म्हणत असे. तिच्या ओवीत माहेर येते, भाऊ येतो, सासुरवास येतो, आणि पुष्कळदा जात्यालाच ती जिवाची सखी मानून गाऱ्हाणे सांगते. ओवी रचणारीचे नाव ओवीत सहसा नसते. लग्नात आणि मंगळागौरीत नवऱ्याचे नाव उखाण्यात घेण्याचा आग्रह सगळ्या बायका करतात. स्वतःचे नाव उखाण्यात घे, असे कोणी कोणास म्हटल्याचे ऐकिवात नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली एक निर्णय घेतला. त्यानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत लिहिताना प्रथम बालकाचे नाव, मग आईचे नाव, त्यानंतर वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम ठेवावयाचा आहे. ही मुले यथाकाल शाळेत दाखल होतील. कोडोलीच्या एखाद्या शाळेत मुख्याध्यापक दाखल्याचा रकाना भरू लागतील आणि समोर उभ्या असलेल्या आईला तिचे नाव विचारतील. जन्मतः मिळालेले सांगावे, की तांदळात लिहिलेले, याचा विचार करण्यास ती कदाचित क्षणभर थांबेल.